वडगावचा खांब
(सोसायटी ग्रुप, रविवार रात्र)

ए-१०३: काल लोणावळ्याहून येताना एक्स्प्रेसवे तुंबलेला, म्हणून जुन्या रस्त्याने आलो. वडगाव मावळचा विजयस्तंभ इतकी वर्षं गाडीतूनच बघतोय, काल पहिल्यांदा उतरलो. फोटो टाकलाय.

सी-२०४: भारी! इंग्रजांनी तोफा न्यायला केलेला रस्ता, आणि त्याच्याच कडेला इंग्रज हरल्याचा खांब 😄

ए-७०१: *फॉरवर्डेड* १७७९ साली बोरघाटात पक्का रस्ता असल्याने इंग्रज एका दिवसात पुण्याच्या वेशीवर! जास्तीत जास्त शेअर करा 🙏

बी-४०२: अहो ७०१, पाठवण्याआधी एकदा वाचत तरी जा. एका दिवसात कसले? खंडाळा ते कार्ला, ८ मैलांना ११ दिवस लागले त्यांना! माणसं ३,९०० च्या आसपास, आणि सामान ओढायला १९,००० बैल. राघोबादादांना गादीवर बसवायला निघालेली ही वरात. घाटात वाट करत करत तोफा वर चढवल्या. पुढे तळेगावात पोचले तर गाव जाळून रिकामं, ना दाणा ना वैरण. शेवटी ११ जानेवारीच्या रात्री जड तोफा तिथल्या तळ्यात ढकलल्या आणि परत फिरले. महादजी शिंद्यांनी वडगावात कोंडलं, मग तह. साष्टी (मुंबईलगतचं बेट) परत द्यायचं कबूल केलं. गव्हर्नर-जनरल हेस्टिंग्जने नंतर तह मानलाच नाही, तो भाग वेगळा.

डी-३०१: काका 🙏 पण तिथे एका इंग्रजाचीही समाधी आहे ना? पोलीस ठाण्याच्या आवारात?

बी-४०२: हो, ईस्टूर फाकडा. कॅप्टन जेम्स स्टुअर्ट. ४ जानेवारीला कार्ल्याला पडला.

ए-१०३: फाकडा?? आमच्या आजी नटूनथटून निघालेल्या मुलीला 'फाकडी दिसतेस' म्हणायच्या 😂

बी-४०२: तोच शब्द. ऐटबाज, बेडर. आपल्याच लोकांनी ठेवलेलं नाव आहे ते.

ए-७०१: शत्रूला एवढा मान कशाला?

बी-४०२: ज्यांनी त्याच्यावर गोळ्या झाडल्या त्यांनीच दिलाय. आपण घरी पंख्याखाली बसून तो काढून घेणारे कोण?

बी-४०२: आणि २०४, तुझा विनोद चांगला आहे, फक्त क्रम उलटा. लढाई आधी, रस्ता नंतर. १८०४ मध्ये वेलस्लीने तोफांसाठी घाटाची वाट नीट करून घेतली (हाच पुढे वॉटर्लूचा वेलिंग्टन). गाड्या जाण्यासारखा रस्ता खुला झाला १० नोव्हेंबर १८३० ला, माल्कम मुंबईचा गव्हर्नर असताना. तेव्हा पेशवाई बुडून १२ वर्षं झाली होती. त्यामुळे त्या खांबाशी उभं राहिलं की मला तरी आधी ते बैलच आठवतात.

डी-३०१: घाटातला अमृतांजन पूल तेव्हाचाच ना?

बी-४०२: तेव्हाचाच. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये पाडला. आमची एसटी त्या चढावर धापा टाकायची, पुलाजवळ आलो की आई पिशवीतून आवळा काढून हातावर ठेवायची. असो.

ए-१०३: काका, पुढच्या वेळी तुम्हीच चला आमच्याबरोबर. मागची सीट तुमची.

बी-४०२: पुढची द्या. मागे मला गाडी लागते.

अ‍ॅडमिन: ⚠️ उद्या सकाळी पाण्याची टाकी धुणार आहेत. ८ च्या आत पाणी भरून ठेवा.

सी-२०४: तळाशी तोफ सापडली तर काकांना कळवा.