शनीचे कडे सुईसारखे दिसते. दुर्बिणीत दोष आहे का?

शाहूपुरी_सातारा (१५ नोव्हेंबर २०२५)

सर्वांना नमस्कार. दिवाळीत आम्ही मुलांसाठी एक दुर्बीण घेतली. तिचा आरसा १३० मिलिमीटरचा आणि नाभीय अंतर ६५० मिलिमीटर आहे, बैठक टेबलावर ठेवायची लाकडी डॉब्सोनियन (हाताने फिरवायची साधी बैठक) आहे, आणि सोबत २५ व १० मिलिमीटरचे दोन आयपीस (डोळा लावायची भिंगे) व चित्र तिप्पट मोठे करणारे एक बार्लो भिंग आले. घरात आम्ही दोघे, सातवीतली मुलगी, तिसरीतला मुलगा आणि माझ्या सासूबाई असे पाच जण आहोत. रात्रीचे जेवण आटोपले की सगळे गच्चीवर जमतो. गेल्या अनेक वर्षांत घरातली सगळी माणसे रोज एका वेळी एका ठिकाणी बसली आहेत असे घडले नव्हते, म्हणून या छंदाची गोडी टिकावी असे मला मनापासून वाटते.

मुलांनी पुस्तकात शनीचे रुंद, टोपीच्या कडेसारखे कडे पाहिले होते. आम्हाला मात्र एक फिकट पिवळा मणी आणि त्यातून आरपार गेलेली बारीक रेघ एवढेच दिसते. सासूबाई म्हणाल्या, "मण्यात सुई अडकून राहिल्यासारखं दिसतंय." मुलगा पहिल्या रात्री फार हिरमुसला. विक्रेत्याने भलतेच भिंग दिले असावे, अशी शंका माझ्या पतींना येते. बार्लो लावून पाहिले, तर चित्र मोठे झाले, पण अंधुक आणि लवलवणारे.

दुसरी अडचण अशी की गच्चीवर कोणी एक पाऊल टाकले तरी चित्र हलते. तिसरी म्हणजे, मी ग्रह मधोमध आणून सासूबाईंना बोलावते आणि त्या सावकाश उठून येईपर्यंत तो भिंगाच्या बाहेर निघून गेलेला असतो. "मला काही दिसत नाही, तुम्हीच बघा," असे त्या दोनदा म्हणाल्या, आणि ते मला लागले. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

निवृत्त_शिक्षक_मिरज (१६ नोव्हेंबर २०२५)

ताई, तुमची दुर्बीण निर्दोष आहे, हे प्रथम आपल्या यजमानांना सांगा. तुम्ही जे पाहिलेत ते अगदी बरोबर आहे, आणि ते साधारण पंधरा वर्षांतून एकदाच पाहायला मिळते. शनीचा अक्ष सुमारे २६.७ अंशांनी कललेला आहे आणि त्याला सूर्याभोवती एक फेरी पूर्ण करायला साडेएकोणतीस वर्षे लागतात. त्यामुळे एका फेरीत दोन वेळा कडी आपल्या नजरेच्या पातळीत येतात. २३ मार्च २०२५ रोजी पृथ्वी या पातळीतून गेली, पण तेव्हा शनी सूर्याच्या फार जवळ असल्याने ते पाहणे शक्य नव्हते. सध्या नोव्हेंबरअखेर कड्यांचा कल पुन्हा एका अंशाहूनही कमी झाला आहे. या कड्यांचा व्यास सुमारे पावणेतीन लाख किलोमीटर असला, तरी जाडी बहुतेक ठिकाणी दहा-वीस मीटरच आहे. भाकरी डोळ्यांसमोर आडवी धरली की तिची नुसती कड दिसते, तसेच हे आहे.

मुलाला हेही जरूर सांगा की गॅलिलिओसुद्धा याच ठिकाणी गोंधळला होता. १६१० मध्ये त्याला शनीच्या दोन्ही बाजूंना दोन गोळे असल्यासारखे दिसले, आणि १६१२ मध्ये ते नाहीसे झाले, याचा उलगडा त्याला होईना. ते कडे आहे, हे ख्रिस्तियान हायगेन्सने १६५९ मध्ये ग्रंथरूपाने मांडले. तुमच्या मुलाने आजपासून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास शनीचे एक चित्र वहीत काढावे. २०३२ च्या सुमारास कडी पूर्ण रुंदावलेली असतील, तोवर तो शाळा संपवत आलेला असेल.

बार्लो सध्या डब्यात ठेवा. २५ मिलिमीटरच्या आयपीसने तुम्हाला २६ पट आणि १० मिलिमीटरच्या आयपीसने ६५ पट वर्धन मिळते. बार्लो लावताच ते १९५ पट होते आणि तेवढे सोसण्याइतकी हवा बहुतेक रात्री शांत नसते. त्यात तुम्ही गच्चीवर आहात. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतो आणि त्या उठणाऱ्या हवेतून पाहिलेले चित्र तव्यावरच्या वाफेतून पाहिल्यासारखे लवलवते. पावलांचा हादराही स्लॅबमधूनच पोहोचतो. घराला परस असेल तर दुर्बीण मातीवर, एखाद्या जड स्टुलावर ठेवा, आणि पाहण्याआधी अर्धा तास बाहेर राहू द्या, म्हणजे आरसा हवेच्या तापमानाला येईल.

ग्रह निसटतो तो पृथ्वीच्या फिरण्यामुळे. ६५ पटीला तो एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जाण्यास सुमारे तीन मिनिटे घेतो, २६ पटीला साडेसात मिनिटांच्या आसपास. म्हणून आजींसाठी नेहमी २५ मिलिमीटरचाच आयपीस लावा आणि ग्रह मधोमध न आणता ज्या कडेकडे तो सरकतो तिच्या बरोबर विरुद्ध कडेला ठेवून द्या. त्या खुर्चीत बसून डोळा टेकवतील तेव्हा तो आपणहून मध्यावर आलेला असेल. खुर्ची आधी मांडायची आणि दुर्बिणीची उंची खुर्चीच्या मापाने ठरवायची, हा क्रम चुकवू नका. वयस्कर माणूस वाकून पाहू लागला की त्याचे सगळे लक्ष कमरेकडे जाते.

फाइंडर, म्हणजे दुर्बिणीवरचे नेम धरायचे छोटे साधन, दिवसा जुळवून घ्या. तुमच्याकडून अजिंक्यताऱ्यावरचा टीव्ही टॉवर दिसत असेल तर त्याच्यासारखी दुसरी खूण नाही. मात्र दिवसा मुलांना दुर्बिणीपाशी एकटे सोडू नका. सूर्याकडे वळलेली दुर्बीण क्षणात डोळा कायमचा घालवू शकते.

माणदेशी (१७ नोव्हेंबर २०२५)

सरांशी मी सहमत आहे, फक्त परसाबद्दल एक भर घालतो. शहरातल्या परसात शेजारच्या घरांचे आणि रस्त्याचे दिवे थेट डोळ्यांत येतात. आम्ही कपडे वाळवायच्या दोरीवर एक जाड चादर टाकून दिव्याची बाजू झाकतो आणि विजेरीला लाल जिलेटीन कागद लावतो. डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटे लागतात आणि मोबाइलच्या पडद्याकडे एकदा पाहिले की ती मेहनत वाया जाते.

ग्रह आणि चंद्र शहरातूनही उत्तम दिसतात. २८ नोव्हेंबरला मार्गशीर्ष शुद्ध अष्टमी आहे. चंद्रावरच्या उजेड-अंधाराच्या सीमेवर त्या दिवसांत विवरांच्या सावल्या लांब पडतात, तशी मजा पौर्णिमेच्या सपाट चंद्रात नाही. देवयानी दीर्घिकेसाठी, म्हणजे दूरच्या त्या अंधुक तारासमूहासाठी, मात्र कधीतरी माण-खटावकडे या. आमचा दुष्काळी मुलूख पावसासाठी तरसतो, पण त्याच कोरडेपणामुळे आमचे आकाश लख्ख असते. कृष्णाकाठी या दिवसांत ऊसतोड झालेल्या फडांतले पाचट पेटवतात, त्या धुराने क्षितिजालगतचे तारे मंदावतात. तेव्हा जे पाहायचे ते डोक्यावर आल्यावर पाहावे.

दव पडले तर आरसा फडक्याने किंवा पदराने पुसू नका. दुर्बीण घरात तशीच उघडी ठेवून आपोआप कोरडी होऊ द्या आणि मगच टोपण लावा.

शाहूपुरी_सातारा (३० नोव्हेंबर २०२५)

आपण दोघांनीही इतक्या आपुलकीने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. दुर्बीण आता परसात, तुळशीवृंदावनापलीकडे धुण्याच्या दगडावर ठेवतो. चित्र हलत नाही.

काल शनिवार असल्याने मुले जागी होती. चंद्र आणि शनी जवळजवळच होते. शनीच्या रेघेकडे मुलगा आता अभिमानाने पाहतो आणि शेजारच्या मुलांना गॅलिलिओची हकिकत सांगतो. सासूबाई खुर्चीत बसल्या, डोळा लावला, आणि चंद्रावर बराच वेळ थांबल्या. "खड्ड्याच्या कडेला ऊन आहे आणि आत काळोख," असे त्यांनी स्वतःहून सांगितले.

नंतर पूर्वेला मृग वर आला आणि सगळी बैठकच त्यांच्या हाती गेली. त्यांचे माहेर दहिवडीजवळचे. मृगाच्या पोटातल्या तीन ताऱ्यांना त्या 'तिकांडं' म्हणतात. लहानपणी खळ्यावर राखणीला निजताना तिकांडं कुठवर आले यावरून त्यांचे वडील रात्र किती उरली ते सांगत, ही गोष्ट लग्नाला सोळा वर्षे होऊनही मी प्रथमच ऐकली. तिकांड्याच्या खालचा धुरकट ठिपका मुलीने भिंगात धरला. तो मृगातला तेजोमेघ आहे, तिथे नवे तारे जन्मतात आणि त्याचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला सुमारे तेराशे वर्षे लागतात, असे तिने आजीला समजावले. सासूबाईंनी पुन्हा एकदा पाहायला मागितले.

साडेदहाला गुरू पुरेसा वर आला. मुलीने त्याचे उपग्रह वहीत ठिपक्यांनी काढले आहेत, पण तिला चारऐवजी तीनच दिसले. सर, चौथा गुरूच्या मागे गेला असेल की पुढे, हे घरबसल्या ठरवता येईल का?

निवृत्त_शिक्षक_मिरज (३० नोव्हेंबर २०२५)

येईल, ताई. आज रात्री त्याच वेळी आणि नंतर दर अर्ध्या तासाने ठिपके काढायला सांगा. या चौघांतला सर्वांत आतला आयो सुमारे साडेबेचाळीस तासांत एक फेरी पूर्ण करतो, त्यामुळे त्याचे सरकणे एका बैठकीतही जाणवते. वही भरत गेली की कोण कुठे दडला होता ते तिचे तिलाच कळेल. पहिले पान झाले की आम्हालाही कळवा.