रोजची प्रश्नमंजुषा तिसऱ्या आठवड्यानंतरही चालू ठेवायची तर काय बदलावं?

मांजराकाठ
नमस्कार मंडळी. लातूर, परभणी, हिंगोली, नांदेडकडच्या साठेक जणांचा टेलिग्राम गट आहे. स्पर्धा परीक्षेची पोरं आहेत, शिक्षक आहेत, निव्वळ आवडीनं खेळणारेही आहेत. रोज रात्री ९ ला क्विझ बॉटवर १० प्रश्न असतात, चार पर्याय आणि प्रश्नाला १५ सेकंद. पहिल्या आठवड्यात पन्नासजण खेळतात, तिसऱ्यात वीस उरतात. वरचे पाच-सहा तेच ते. शेतातल्या वस्तीवर रेंज नसणारे आपोआप मागं पडतात. शिवाय आठवड्यातून दोनदा तरी उत्तरावरून वाद होतो. वेळ, गुण आणि प्रश्न, तिन्हींत काय बदलावं?

बालाघाटी
आधी ते १५ सेकंद काढा. गुण सारखे असले की बॉट कमी वेळ घेणाऱ्याला वर ठेवतो. म्हणजे तुमची यादी ज्ञानाइतकीच रेंजचीही होते. सकाळी ६ ला प्रश्न टाका, रात्री ९ ला बंद करा आणि वेगाला एकही गुण ठेवू नका.

मात्र दिवसभर खुलं ठेवायचं तर टेलिग्रामचा क्विझ पोल उपयोगाचा नाही. त्यात उत्तर दिल्याबरोबर बरोबर-चूक दिसतं, मग सकाळी खेळलेला संध्याकाळच्याला सांगू शकतो. व्हॉट्सॲपच्या पोलमध्ये तर कोणी काय निवडलं ते सगळ्यांना दिसतं. गूगल फॉर्म घ्या. सेटिंगमध्ये क्विझ चालू करा, गुण लगेच न दाखवता तपासणीनंतर दाखवायचे असं ठरवा, एका खात्याला एकदाच उत्तर देता येईल असं करा. पर्याय ठेवणार असाल तर त्यांचा क्रम प्रत्येकाला वेगळा दिसेल तेही चालू करा.

पर्याय ठेवलेच तर आकडे नीट वाचा. चार पर्यायांत डोळे झाकून निवडलं तरी २५ टक्के बरोबर येतं. एखाद्या प्रश्नाला ४० टक्के बरोबर आले तर खरं माहीत असणारे साधारण २० टक्केच, कारण उरलेल्या ८० टक्क्यांतले पाव जण नशिबानं बरोबर आलेले असतात. चुकीला पाव गुण कापला तरी अंदाज मारणारा सरासरीनं किंचित फायद्यातच राहतो. एक तृतीयांश कापला तर हिशेब शून्यावर येतो.

प्रश्नपेढी
वेळ आणि गुण सुधाराल, पण माणसं पळतात ती खराब प्रश्नांमुळं. वादाचा प्रश्न म्हणजे बहुतेक वेळा दोन बरोबर उत्तरं असलेला प्रश्न. आपल्याच भागातले प्रश्न घ्या, लगेच दिसेल.

'मराठवाड्यातलं ज्योतिर्लिंग कोणतं?' घृष्णेश्वर, औंढा नागनाथ, परळी वैजनाथ ही तीन उत्तरं तर इथंच आली. त्यातल्या औंढ्याच्या मानावर द्वारकेजवळच्या नागेश्वराचा आणि परळीच्या मानावर देवघरच्या वैद्यनाथाचाही दावा आहे. 'वेरूळ लेण्यांजवळचं ज्योतिर्लिंग कोणतं?' असं विचारलं की वाद संपला. 'हैदराबादची पोलीस कारवाई कधी झाली?' एकजण १३ सप्टेंबर लिहितो, दुसरा १७, आणि दोघांचंही खरं आहे. सैन्य १३ ला शिरलं, शरणागती १७ सप्टेंबर १९४८ ला. कोणती तारीख हवी ते प्रश्नातच सांगा. किल्लारीच्या भूकंपाची तीव्रता विचारू नका, ६.२ आणि ६.४ दोन्ही आकडे छापलेले सापडतात. ३० सप्टेंबर १९९३ ही तारीख विचारा. अजिंठ्याची लेणी कुठं २९ तर कुठं ३० मोजतात. वेरूळचं कैलास लेणं कितवं, याचं उत्तर मात्र सगळीकडं १६ च येतं.

दुसरा रोग शिळ्या प्रश्नांचा. जुन्या प्रश्नसंचात अभिजात भाषा ६ असतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीसह पाच भाषांची भर पडली, आता ११ आहेत. 'सर्वाधिक चंद्र कोणत्या ग्रहाला?' याचं उत्तर २०२३ या एका वर्षात दोनदा फिरलं. फेब्रुवारीत गुरू पुढं गेला, मे मध्ये शनीनं परत गाठलं. 'मराठवाड्यात जिल्हे किती?' राज्य झालं तेव्हा ५. पुढं १९८१ ला जालना, १९८२ ला लातूर, १९९९ ला हिंगोली, म्हणून आज ८. बदलू शकणाऱ्या प्रत्येक प्रश्नात 'अमुक वर्षी' किंवा 'आजघडीला' हे शब्द हवेतच. तुमच्या वहीत प्रश्नाशेजारी दोन रकाने ठेवा, उत्तर कुठून घेतलं आणि कोणत्या तारखेला पडताळलं. औरंगाबाद-उस्मानाबाद लिहिलं तरी चालेल की छत्रपती संभाजीनगर-धाराशिवच हवं, हेसुद्धा पहिल्याच दिवशी जाहीर करा.

आणि लोणार! ते बुलढाणा जिल्ह्यात आहे, विदर्भात. मराठवाड्याच्या प्रश्नसंचात ते हमखास घुसतं.

प्रश्नाला एकच दार ठेवू नका. 'जायकवाडीच्या जलाशयाचं नाव काय?' हे माहीत असतं किंवा नसतं, विचार करायला जागाच नाही. त्याऐवजी 'सातवाहनांची राजधानी, एकनाथांची समाधी आणि काठापदराचं प्रसिद्ध महावस्त्र, तिन्ही ज्याच्याशी जोडलेलं ते गोदाकाठचं गाव कोणतं?' असं विचारा. इतिहासवाला एका वाटेनं येतो, वारकरी दुसऱ्या, लुगड्यांची पारख असणारी तिसऱ्या. पैठणला तिघंही पोचतात. असे प्रश्न लोक दिवसभर डोक्यात घोळवतात, आणि दुसऱ्या दिवशी परत येतात ते त्यासाठीच.

रात्री उत्तरासोबत दोन ओळी लिहाच. धरण पैठणला असून नाव जायकवाडी का? कारण मूळ योजना बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी गावाजवळची होती, जागा बदलली पण नाव राहिलं. नुसता 'ब' पर्याय कोणाच्या लक्षात राहत नाही, हे राहतं.

गोदाकाठ
वरचे पाच-सहा तेच ते, याला जोडीची लढत हे औषध आहे. अमेरिकेत १९९७ पासून चालू असलेल्या लर्नेडलीग या ऑनलाइन प्रश्नमंजुषा स्पर्धेची ही पद्धत. रोज सहाच प्रश्न, पर्याय नाहीत, प्रत्येकाचा एक प्रतिस्पर्धी ठरलेला. तुम्ही स्वतःची उत्तरं देता, शिवाय प्रतिस्पर्ध्याला कोणत्या बरोबर उत्तराचे किती गुण मिळतील ते ठरवता: एका प्रश्नाला ०, दोन प्रश्नांना १, दोन प्रश्नांना २, एका प्रश्नाला ३. त्याला जे येणारच नाही असं वाटतं त्याला ३, जे हमखास येईल त्याला ०. एकूण ९ गुण. त्यामुळं पाच बरोबर देणाराही हरू शकतो. त्याचा चुकलेला नेमका ३ चा निघाला तर हाती ६ राहतात, आणि समोरच्याचे चारच बरोबर असून ३, २, १, १ मिळून ७ होतात. समोरचा इतिहासात पक्का आहे की क्रिकेटमध्ये कच्चा, हे लोक आपोआप लक्षात ठेवायला लागतात.

साठ जणांचे १२-१२ चे पाच गट पाडा. प्रत्येकाच्या ११ लढती, सोमवार ते शनिवार धरून दोन आठवड्यांत बसतात, वर एक दिवस राखीव. जोड्या लावायला एकाला जागेवर ठेवा, बाकी अकरा जण रोज एक घर पुढं सरकवा. हंगाम संपला की वरचे दोन वरच्या गटात, खालचे दोन खालच्या. तुल्यबळ माणसं समोर आली की गळती कमी होते. न सांगता गैरहजर राहिला तर त्या दिवसाचे गुण समोरच्याला द्या, नाहीतर पूर्ण वेळापत्रक कोलमडतं.

गूगलवर शोधण्याचं म्हणाल तर तांत्रिक कुलूप नाही. लर्नेडलीगही विश्वासावरच चालते. मात्र रोख बक्षीस ठेवू नका.

मांजराकाठ
पर्याय काढले तर ६० जणांची मराठीत टाइप केलेली उत्तरं तपासायची कशी? फॉर्मनं स्वतः तपासली तर चालेल का?

बालाघाटी
त्याच्यावर सोडू नका. लघुउत्तरात तो अक्षराला अक्षर जुळवतो. उत्तरसूचीत '२७' असेल आणि कोणी इंग्रजी आकड्यांत लिहिलं तर शून्य देतो. 'घृष्णेश्वर'च्या जागी 'घृश्नेश्वर' आलं तरी तेच. प्रतिसादांत प्रश्नवार पाहिलं की सारखी उत्तरं एकत्र दिसतात. एका गठ्ठ्याला एकदाच गुण द्यायचे. शुद्धलेखनाला गुण कापायचे नाहीत, आडनाव पुरेसं, पण एकाच आडनावाचे दोन प्रसिद्ध लोक असतील तर पूर्ण नाव हवं, आणि तसं प्रश्नातच लिहा. हरकत घ्यायला दुसऱ्या दिवशी दुपारी १२ पर्यंत मुदत द्या. प्रश्न काढणाऱ्यानं निकाल देऊ नये, दुसरा कोणीतरी ठेवा.