चॅम्पियन पैलवानाच्या मनात काय असते? १३ वर्षांच्या भाच्याला तालमीत ठेवण्याविषयी सल्ला हवा आहे

दूधगंगाकाठ (चिकोडी तालुका) :

नमस्कार. माझा भाचा १३ वर्षांचा असून गेली दोन वर्षे गावच्या तालमीत जातो. यंदाच्या यात्रेत त्याने लहान गटात तीन कुस्त्या धरल्या. दोघांना त्याने आस्मान दाखवले आणि तिसऱ्याने त्याला दाखवले. आता आमच्या वस्तादांचे म्हणणे असे आहे की, पोराच्या अंगात चपळाई आहे, त्याला कोल्हापूरच्या मोठ्या तालमीत मुक्कामाला पाठवा, नाहीतर तो यात्रेतला पैलवान होऊन तिथेच संपेल. दाजी तयार आहेत. बहीण तयार नाही आणि निर्णय तिने माझ्यावर सोपवला आहे.

एकसंबा आमच्या तालुक्यातलेच. १९५९ साली पंजाबच्या बत्तासिंगला हरवून पहिले हिंदकेसरी झालेले श्रीपती खंचनाळे हे एकसंब्याचे आणि पैलवान म्हणून ते घडले कोल्हापुरात, त्यामुळे आमच्याकडे कुस्तीचा विषय निघाला की बोलणे फिरून फिरून त्यांच्यापाशीच येते. दाजींचा सगळा युक्तिवादही तेवढाच आहे.

पहाटे ४ वाजता उठणे, जोर-बैठका, दूध, तूप, बदामाची थंडाई, लंगोटाचे कडक नियम हे सारे मी ऐकून आहे. परंतु तालमीतली पन्नास पोरे पहाटे ४ लाच उठत असतील आणि त्यांतला एखादाच पुढे जात असेल, तर त्या एकाच्या मनात असे काय असते जे बाकीच्यांच्या मनात नसते? आणि त्यासाठी नेमके काय सोडावे लागते? ज्यांनी हे जवळून पाहिले आहे त्यांनी कृपया लिहावे.

तांबडी माती (बेळगाव) :

मी बेळगावजवळच्या खेड्यातला असून वय ५८ आहे. ऐन उमेदीची सात वर्षे कोल्हापूरच्या एका तालमीत काढली. मी चॅम्पियन झालो नाही, हे आधीच सांगून टाकतो. परंतु ज्याच्या शेजारी माझी वळकटी असे, तो पुढे आपल्या वजनगटात राज्यात कित्येक वर्षे पहिला राहिला, आणि आम्हा दोघांत काय फरक होता याचा विचार करायला मला त्यानंतर भरपूर वेळ मिळाला.

मेहनतीत मी त्याच्यापेक्षा कमी नव्हतो, उलट बैठका माझ्याच जास्त निघत. हौदा (कुस्तीचा मातीचा आखाडा) खणायला, मातीत ताक-तेल-हळद मिसळायला मीही त्याच्याइतकाच पुढे असे. फरक मला पहिल्यांदा दिसला तो आनंदवाडीच्या आखाड्यात आम्ही दोघेही एकाच दिवशी पडलो तेव्हा. रात्री टेम्पोतून कोल्हापूरला परतताना मी सतत बोलत होतो : मातीवर पाणी जास्त मारले होते, पंचांनी घाई केली, जोड वजनाने भारी दिली, माझी पाठ पुरती टेकलीच नव्हती. तो गप्प बसून होता. निपाणी मागे पडल्यावर एकदम म्हणाला, "पट काढायच्या आधी त्यानं दोनदा माझ्या मानेवर हात टाकला होता. दोन्ही वेळेला मी उजवा पाय पुढं घेतला." एवढेच बोलला आणि झोपला. (पट काढणे म्हणजे समोरच्याचा पाय ओढून त्याला पाडणे.)

दुसऱ्या दिवशी पहाटे त्याने स्वतःपेक्षा बराच हलका असलेला एक पोरगा बोलावला आणि त्याला सांगितले की, माझ्या मानेवर हात टाक आणि एकेरी पट काढ. पोरगा पट काढी, हा पडे, उठे, पुन्हा मान पुढे करी. चाळीस-एक वेळा तरी झाले असेल. हौद्याच्या कडेला बसलेली पोरे हसत होती, कारण मैदानात मानाची कुस्ती खेळणारा गडी एका कोवळ्या पोराकडून पडत होता. वस्तादांनी एकदाच वर पाहिले आणि पुन्हा आपल्या कामाला लागले. हे त्याने महिनाभर चालवले. मी त्या महिन्यात बैठकांची संख्या वाढवली, आणि पुढच्या मैदानात पुन्हा तसाच पडलो.

अमेरिकेच्या डॅन गेबलविषयी वाचले तेव्हा मला हाच मित्र आठवला. शाळा आणि महाविद्यालयाच्या सगळ्या वर्षांत एकही कुस्ती न हरलेला हा मल्ल १९७० साली महाविद्यालयीन कारकिर्दीतल्या अगदी शेवटच्या लढतीत हरला आणि दोनच वर्षांनी म्युनिक ऑलिंपिकमध्ये त्याने प्रतिस्पर्ध्यांना एकही गुण न देता सुवर्णपदक घेतले.

आता त्यागाचे. खाण्यापिण्याचा आणि झोपेचा त्याग जमतो, कारण तो सगळ्यांबरोबर करायचा असतो. मला जे जमले नाही ते यात्रांचे मैदान सोडणे. आपल्या सीमाभागात यात्रांचा हंगाम सुरू झाला की येळ्ळूर म्हणू नका, खानापूर-चिकोडीकडची गावे म्हणू नका, दर आठवड्याला कुठे ना कुठे हलगी वाजत असते. खिशात इनाम पडते, डोक्याला फेटा बांधला जातो, गावातली माणसे नावाने हाक मारतात. मी एका हंगामात सुजलेला गुडघा घेऊन वीसेक कुस्त्या धरल्या. माझ्या मित्राने चारच धरल्या, कारण त्याला निवड चाचणीसाठी अंग राखायचे होते. त्याच्या गावच्या पंचांनी घरी येऊन त्याच्या वडिलांना बोल लावला की, पोरगा शेफारला, गावच्या मैदानाला नाही म्हणतो. तो बोल त्याने ऐकून घेतला. विशीतल्या पोराला आवडीचे खाणे सोडणे त्यामानाने सोपे असते.

खानापूरची लेक :

दादा, वरचे उत्तर खरे आहे, परंतु ते तालमीच्या आतून लिहिलेले आहे. मी एका पैलवानाची धाकटी बहीण आहे आणि हा त्याग घराकडून कसा दिसतो ते लिहिते.

माझा भाऊ कोल्हापूरला होता तेव्हा आमच्याकडे दोन म्हशी होत्या. एकीचे दूध डेअरीला जाई, त्यावर घर चाले. दुसरीचे सगळे विरजून आई लोणी काढी आणि पंधरा दिवसांनी पाच किलोचा तुपाचा डबा कोल्हापूरच्या गाडीत चालकाच्या ओळखीने चढवला जाई. डब्यावर भावाचे नाव आणि तालमीचे नाव खडूने लिहिण्याचे काम माझे होते. सीमाप्रश्नावरून वातावरण तापले की दोन्ही राज्यांच्या गाड्या बंद होत. एकदा असा डबा निपाणीत तीन दिवस अडकून पडला होता आणि आई त्या तीन दिवसांत नीट जेवली नव्हती. आम्ही बहिणी कोरा चहा प्यायलो, याची तक्रार तेव्हाही नव्हती. घरात कोणी तसे सांगितलेही नव्हते. दुधाचे भांडे कोणाचे आहे हे सगळ्यांना माहीत होते, इतकेच.

खाशाबा जाधवांची गोष्ट आपण नेहमी सांगतो, की १९५२ साली हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे नव्हते आणि तरी त्यांनी कांस्यपदक आणले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या गोष्टीत कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले होते. ते पैसे उभे राहिले तेव्हा प्राचार्यांच्या घरातल्या बाईमाणसाला कोणी विचारले असेल का, असे माझ्या मनात नेहमी येते.

माझा भाऊ २६ व्या वर्षी गुडघा घेऊन परत आला. तोपर्यंत अर्धा एकर जमीन गेली होती. तो चांगला माणूस आहे, आता शेती बघतो, आणि त्याच्याविषयी माझ्या मनात काहीही किल्मिष नाही. पण तुमची बहीण नाही म्हणते तेव्हा ती पोराच्या मायेपोटीच म्हणते असे धरून चालू नका. तिला आणखी मुले असतील तर त्यांच्या ताटाकडेही बघून ती बोलत असेल. तिच्याबरोबर बसून महिन्याचा खर्च कागदावर मांडा आणि तो कोणाच्या वाट्यातून येणार तेही त्यापुढे लिहा.

शाळेची शिट्टी :

मी शारीरिक शिक्षणाचा शिक्षक असून मुलांना मॅटवरच्या, म्हणजे गादीवरच्या, कुस्तीसाठी तयार करतो. दोन-तीन व्यावहारिक गोष्टी सांगतो.

मुलाचा दाखला कोणत्या शाळेत असेल हे आधी ठरवा. आपण कर्नाटकात राहतो; इथल्या शाळेत नाव असेल तर तो शालेय स्पर्धा कर्नाटकाकडून खेळेल, कोल्हापूरच्या शाळेत घातला तर महाराष्ट्राकडून. अर्धे वर्ष इकडे आणि अर्धे तिकडे असे झाले तर मूल दोन्हीकडे परके ठरते. तालीम ठरवण्याआधी शाळा ठरवावी, असे माझे मत आहे. कुस्तीत न जमलेल्या मुलाच्या हाती दहावीचे प्रमाणपत्र तरी असलेच पाहिजे.

दुसरे मातीचे. मातीतल्या कुस्तीत पोरगा धीर धरायला शिकतो, सुरुवातीच्या खडाखडीत (हात-मानेच्या झटापटीत) जोडीचा अंदाज घेतो. मॅटवर मात्र मोठ्यांच्या गटात तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि मध्ये ३० सेकंदांची विश्रांती, एवढ्यात सगळे उरकायचे असते आणि दहा गुणांची आघाडी झाली की चितपट न होताही कुस्ती संपते. वयाच्या १७-१८ पर्यंत फक्त मातीत राहिलेली मुले मॅटवर पहिली दोन मिनिटे नुसती बघत राहतात. तालीम निवडताना तिथे मॅट आहे का आणि त्यावर रोज उतरवतात का, हे डोळ्यांनी पाहून या.

तिसरे वजनाचे, आणि यात मी जरा कडक आहे. पॅरिस ऑलिंपिकमध्ये ऑगस्ट २०२४ मध्ये विनेश फोगाट ५० किलो गटाची अंतिम फेरी गाठूनही दुसऱ्या दिवशीच्या वजनात १०० ग्रॅम जास्त भरली आणि अपात्र ठरली. रात्रभर धावून, घाम गाळून, केस कापूनही ते १०० ग्रॅम गेले नाहीत. त्याच स्पर्धेत अमन सेहरावतने सुमारे दहा तासांत साडेचार किलोंहून अधिक वजन उतरवले आणि ५७ किलोत कांस्य घेतले. लोक हे ऐकतात आणि घरी येऊन वाढत्या वयाच्या पोराचे पाणी बंद करतात. त्या दोघांभोवती डॉक्टर आणि प्रशिक्षक होते, आणि तरीही एकीच्या बाबतीत हिशेब चुकला. १३ वर्षांच्या मुलाने ज्या वजनाचा असेल त्याच वजनात खेळावे. कोणी तब्येतीसाठी पावडर किंवा इंजेक्शन सुचवले तर त्या माणसाच्या दारात पुन्हा जाऊ नका.

बाकी चॅम्पियनच्या मनाविषयी 'तांबडी माती' यांनी लिहिले आहे त्यात माझी एकच भर. हरण्याची जागा शोधण्याची ती सवय काही मुलांत उपजत असते, काहींना लावता येते. पण घरी येताच "कोण हरलं, कोण जिंकलं" एवढेच विचारणारा बाप असेल तर लागलेलीही मोडते.

दूधगंगाकाठ :

सर्वांचे मनापासून आभार. ताईंचे उत्तर मी बहिणीला वाचून दाखवले. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग आत जाऊन तिने दुधाचा जुना हिशेब लिहिलेली वही आणली. धाकट्या दोघींच्या दुधाला हात लागणार नाही, ही तिची पहिली अट आहे आणि दाजींनी ती मान्य केली आहे. दहावीपर्यंत शाळा इथेच राहील. कोल्हापूरला सध्या फक्त उन्हाळ्याच्या सुटीत पाठवायचे ठरते आहे, आणि त्याआधी मॅट पाहायला मी स्वतः जाणार आहे.

काल संध्याकाळी भाचा ओसरीवर पाय चोळत बसला होता. यात्रेत तिसरी कुस्ती कशी गेली, असे मी सहज विचारले. दाजींनी लगेच सांगितले की, समोरचा पोरगा वयाने मोठा होता, जोड चुकीची लावली. पोरगा खाली मान घालून म्हणाला, "मोठा नव्हता, मामा. मी त्याच्या हातांकडं बघत होतो आणि त्यानं पायानं ओढलं." मग तो अंगणात गेला आणि शेजारच्या पोराला हाक मारली.