रात्रीचा लंगोट: किती थर, कुठून गळतं, कसा धुता? (अनुभव धागा)

सोनचाफा
दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरून आईच्या हातच्या दुपट्यांचं गाठोडं निघालं. लुगड्याची, दुहेरी, चारी कडांना धावदोरा. हात फिरवला आणि अंगणातल्या दोरीवरची सगळी रांग डोळ्यांपुढे आली. घरात सध्या पाच महिन्यांचा भाचा आहे आणि रोज पहाटे चारला अंथरूण ओलं. म्हणून हा धागा. रात्री कापडी वापरणाऱ्यांनी नेमकं लिहा.

सुरुवात माझ्याकडून. सुती साडीचा पन्हा साधारण ४५ इंच. साडेपाच मीटरच्या साडीतून ४५ इंचांचे चार चौकोन निघतात, उरलेल्या तुकड्याच्या पट्ट्या करायच्या. चौकोन दोनदा दुमडला की साडेबावीस इंचांचा, चार थरांचा होतो. मग उभ्या चार घड्या घालायच्या. साडेपाच इंच रुंद पट्टी आणि १६ थर. पुढचा एक तृतीयांश भाग उलट दुमडला की तिथे ३२ थर होतात. मुलगा असेल तर ही जाड बाजू पुढे.

रातराणी
१६ थर पाच महिन्यांच्या बाळाला मांड्यांमध्ये जड होतात का? आमच्याकडे आजेसासूबाई म्हणतात पाय फेंगडे होतील.

दोन_जुळ्यांची_आई
नाही होत. तान्ह्या बाळांचे पाय मुळातच थोडे बाकदार असतात, दोन वर्षांच्या आसपास आपोआप सरळ होतात. लंगोटाचा त्याच्याशी संबंध नाही. उलट पाय बाहेर फाकलेले राहणं खुब्याला चांगलं. पाय जुळवून घट्ट गुंडाळणं टाळायचं, ते खुब्याला बरं नाही. आजींना हे प्रेमाने सांगा, त्यांनी डझनांनी मुलं वाढवलीत, ऐकतील.

गोधडीवाली
@सोनचाफा थर वाढवायच्या आधी सकाळी ओला लंगोट उघडून नीट बघा. कुठे ओला, कुठे कोरडा, त्यात सगळं उत्तर असतं.

पूर्ण पट्टी एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत निथळत असेल तर क्षमता कमी. थर वाढवा.
पुढचं टोक निथळतंय आणि मागचा भाग कोरडा, तर जागा चुकली. कापड पुढे सरकवा. पालथं झोपणाऱ्याला पुढे, पाठीवर झोपणाऱ्या मुलीला मध्ये आणि मागे.
पट्टी अर्धी कोरडी आणि गादी ओली, तर दोनच शक्यता: मांडीशी फट राहिली आहे किंवा कापड पाणी घेतच नाही.

तिसऱ्या प्रकारात बहुतेक जण अजून एक सोकर (शू शोषणारी कापडी पट्टी) घालतात. मग मांडीची फट आणखी मोठी होते आणि जास्त गळतं. हे फार बघितलंय.

बोअरचं_पाणी
कापड पाणी घेतं का ते बघायला धुतलेल्या कोरड्या सोकरवर चमच्याने पाणी सोडा. थेंब मोत्यासारखा उभा राहून ओघळला तर वर थर बसलाय. एकतर झिंक ऑक्साइडचं मलम, नाहीतर सॉफ्टनर, नाहीतर जड पाण्याचा क्षार. आपल्याकडे बोअरचं पाणी असेल तर पहिला संशय क्षारावर. बाटलीत पाणी घेऊन साबणाचा किस टाका, हलवा. फेस धरत नाही आणि वर पांढरट साय येते, म्हणजे पाणी जड. मशीनमध्ये पावडरीसोबत धुण्याचा सोडा दोन मोठे चमचे. खाण्याचा नव्हे, धुण्याचा. खायच्या सोड्याने जड पाण्याला फारसा फरक पडत नाही.

कोकणकडा
आमच्या विहिरीचं पाणी गोडं, त्यामुळे तो त्रास नाही. आमचा त्रास जून ते सप्टेंबर. जाड शिवलेले सोकर दोन दिवस वाळत नाहीत, वरून कोरडे लागतात आणि मधल्या शिवणीत ओल राहते. कुबट वास तिथून येतो. पावसाळ्यात रात्रीसाठीसुद्धा सुटे चौकोनच बरे. एकेरी पसरले की पंख्याखाली रात्रभरात वाळतात. घडी वाळल्यावर घालायची. मशीन असेल तर पिळण्याचं चक्र दोनदा फिरवा, त्याने जितकं पाणी जातं तितकं हाताने पिळून जात नाही.

ओटीपदर
आमच्याकडे पावसाळ्यात शेगडीवर बांबूची पाटी उपडी घालून तिच्यावर लंगोट टाकत, निखाऱ्यावर ओवा, वावडिंग. काय वास असायचा तो!

दोन_जुळ्यांची_आई
वास सुंदर, पण धूर बाळाच्या श्वासाला वाईट. बाळ नसलेल्या खोलीत, दार लावून कपडे सुकवा फार तर. आणि निखारे पेटलेले असताना तिथे कुणी झोपायचं नाही, बंद खोलीत विषारी वायू साठतो. त्यापेक्षा सुती चौकोनाला कोरडी इस्त्री फिरवा, उरलेली ओल जाते. लंगोटावर घालायच्या पीयूएलच्या (प्लास्टिकचा थर दिलेलं, पाणी न झिरपणारं कापड) कव्हरला मात्र इस्त्री नाही, वितळतं.

रातराणी
मी पॉकेट डायपरवाली (खिशासारखा कापडी डायपर, आत सोकर सरकवायचे). दिवसा मस्त, रात्री तीन वाजता ओलं. आत दोन मायक्रोफायबर सोकर आहेत. मग तीन घातले, तेच.

गोधडीवाली
मायक्रोफायबर पाणी पटकन ओढतं पण दाबलं की सोडतं. स्पंज पिळल्यासारखं. बाळ कुशीवर वळलं, मांडीचा भार पडला, की शू बाहेर. म्हणून तीन घातले तरी तेच. हेंप (भांगेच्या जातीच्या झाडाच्या धाग्याचं कापड) हळू ओढतं पण धरून ठेवतं. म्हणून क्रम असा: त्वचेकडे फ्लीसचं अस्तर, त्याखाली एक मायक्रोफायबर, सर्वांत खाली हेंप किंवा हेंप-सुती. उलट लावलं तर हेंप घेईपर्यंत शू कडेने निसटते. आणि मायक्रोफायबर थेट त्वचेला लावायचं नाही, ओलावा ओढून कातडी कोरडी करतं.

नवं हेंप पहिल्याच धुण्यानंतर वापरू नका. त्यात नैसर्गिक तेल असतं. पाच-सहा वेळा धुवून वाळवल्यावर ते खऱ्या अर्थाने शोषायला लागतं. पहिली दोन-तीन धुणी बाकी लंगोटांपासून वेगळी.

रातराणी
अगं हे कुणीच सांगितलं नव्हतं! उद्याच क्रम बदलते.

झोपेचंखोबरं
तुमच्या बाळाला रात्रीत नेमकं किती धरायचं आहे हे मोजता येतं. कोरडा लंगोट पिशवीत घालून स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा, सकाळी ओला त्याच पिशवीत. कोरडा १४० ग्रॅम, ओला ३९० आला, तर साधारण २५० मिली. मग त्यापेक्षा थोडं जास्त घेणारं कापड लावायचं, अंदाजपंचे नाही. पिशवी वेगळी ठेवा म्हणजे काटा खराब होत नाही. तीन रात्री मोजा, एका रात्रीचा आकडा फसवतो. दात येताना किंवा ताप उतरताना पाणी जास्त प्यायलं की शू वाढते.

सोनचाफा
हे फार उपयोगी आहे. मोजते आणि सांगते.

हायलँडची_थंडी
स्कॉटलंडमधून. इथे अजूनही टेरीचे (टॉवेलच्या कापडाचे) चौकोन मिळतात आणि पिनेऐवजी तीन दातांचा रबरी चिमटा लागतो. आईची मोठी सेफ्टी पिन वापरत असाल तर दोन गोष्टी: पीन लावताना आपली दोन बोटं कापड आणि पोटाच्या मध्ये, म्हणजे टोचली तर आपल्याला. आणि पीन अडकत असेल तर कोरड्या साबणाच्या वडीत खुपसून काढा, सरसर जाते.

रात्रीला इथे बरेच जण लोकरीचं कव्हर घालतात. लोकर स्वतःच्या वजनाच्या तीस टक्क्यांपर्यंत ओलावा धरते आणि तरी ओली वाटत नाही, शिवाय हवा खेळते. पण तिला लॅनोलिन (लोकरीतूनच निघणारा मेणासारखा स्निग्ध पदार्थ) द्यावं लागतं. एका वाटीत अगदी गरम पाणी, त्यात चमचाभर लॅनोलिन आणि दोन-चार थेंब बाळाचा साबण, दुधासारखं पांढरं होईपर्यंत ढवळायचं. ते कोमट पाण्याच्या टबात मिसळून कव्हर उलटं करून रात्रभर बुडवायचं. सकाळी टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं, पिळायचं नाही, सपाट पसरून सावलीत. रोज धुवायचं नाही, नुसतं वाऱ्यावर टाकायचं, दोन-तीन आठवड्यांनी धुणं. गरम पाणी लागलं तर आटून बाहुलीच्या मापाचं होतं.

कोकणकडा
लोकर आमच्या दमट हवेत कशी टिकणार बाई, आठवडाभर वाळणार नाही 😄 पण ऐकून थंडी वाजली.

आई_नंबर_दोन
विचारायचं होतं, पीयूएलचं कव्हर घातलं की झबल्याची कड ओली होते. लंगोट मात्र बरा असतो.

गोधडीवाली
झबल्याची किंवा चड्डीची कड कव्हरच्या आत अडकलेली असते. सुती कापड ओलावा बाहेर ओढून घेतं, वातीसारखं. रात्री झोपवताना कव्हरच्या कमरेशी आणि दोन्ही मांड्यांशी बोट फिरवून बघा, कापडाचा एकही कोपरा बाहेर डोकावता कामा नये. इलॅस्टिक मांडीच्या सांध्यातल्या घडीत बसवायचं, मांडीवर नाही. कमरेला दोन बोटं जातील इतकं सैल. सकाळी हलका वळ असेल तर चालतो, खोलगट लाल खूण असेल तर सैल करा.

बोअरचं_पाणी
धुण्याबद्दल एकदा नीट लिहितो, कारण रात्रीचा लंगोट इथेच बिघडतो. रात्रीची शू दाट आणि दहा-दहा तास कापडात. सकाळी उठल्यावर ती लगेच गार पाण्याखाली विसळायची. शी असेल तर गार पाणीच, गरम पाण्याने डाग पक्का होतो. मग कोरड्या, झाकण न लावलेल्या डब्यात ठेवा. बादलीत भिजत घालू नका. इलॅस्टिक आणि पीयूएल खराब होतं, आणि रांगतं मूल घरात असताना पाण्याची बादली धोक्याची.

दोन, फार तर तीन दिवसांनी धुणं. आधी गार पाण्यात एक विसळ, मग पूर्ण माप पावडर घालून लांब धुणं. सुती सोकर ६० अंशांना, कव्हर ४० ला. पावडर कमी घालून लंगोट 'सौम्य' राहतो असं वाटतं, पण वासाचं मुख्य कारण तेच. शेवटी एक जादा विसळ. सॉफ्टनर नाही, व्हिनेगर नाही, अँटिसेप्टिक द्रवही नाही.

सकाळी उघडताच डोळ्यांत झोंबणारा वास येतो तो अमोनिया. तेव्हा ब्लीचचा विचार मनात आला तर आधी चार वेळा विसळून शू पूर्ण काढा. शू आणि ब्लीच एकत्र आले तर विषारी वायू निघतो. बंद बाथरूममध्ये हे कधीही करू नका.

ओटीपदर
उन्हाचं विसरलात! सुती लंगोट कडक उन्हात ओलाच टाका, पिवळे डाग दोन दिवसांत जातात. कव्हर सावलीत.

झोपेचंखोबरं
गादीसाठी: गादी, मेणकापड, चादर, मग पुन्हा मेणकापड आणि वर चादर, सगळं घट्ट खोचून. रात्री दोनला वरचा जोड ओढून काढला की खाली कोरडं तयार. अंधारात दिवा न लावता होतं. तान्ह्याच्या तोंडाजवळ सुटं दुपटं मात्र ठेवायचं नाही.

दोन_जुळ्यांची_आई
रात्री बदलावं की नाही? शी झाली तर लगेच. नुसती शू असेल तर पहिले दोन-तीन महिने दर दुधाच्या वेळी, कारण कातडी नाजूक. मोठं बाळ शांत झोपलं आणि कातडी बरी असेल तर उठवू नका. मलम लावायचंच असेल तर वर जुन्या धोतराची पट्टी टाका, ती वेगळी धुवा. पुरळ घडीत खोल आणि कडेला बारीक लाल ठिपके दिसले तर बहुधा बुरशी, ते नुसत्या मलमाने जात नाही, डॉक्टरांना दाखवा. पावडर नको, श्वासात जाते.

आणि @सोनचाफा, ते गाठोडं कशात ठेवलं होतं? डांबरगोळ्या?

सोनचाफा
हो! उघडताच तोच वास आला.

दोन_जुळ्यांची_आई
मग ती दुपटी तशीच बाळाला नका देऊ. नॅफ्थॅलीनच्या गोळ्यांत ठेवलेल्या कपड्यांमुळे तान्ह्या बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटल्याच्या नोंदी वैद्यकीय पुस्तकांत आहेत, विशेषतः जी६पीडी या विकराची कमतरता असलेल्या बाळांत. आणि ती असल्याचं बऱ्याचदा आधी कळलेलं नसतं. नुसत्या धुण्याने वास पूर्ण जात नाही. आठवडाभर रोज उन्हात आणि वाऱ्यावर, मग धुणं, पुन्हा ऊन. तरी वास येत असेल तर बाळासाठी नकोच, आठवण म्हणून ठेवा. पुढे साठवायला वाळलेला कडुनिंब किंवा वेखंडाचे तुकडे.

सोनचाफा
बरं झालं विचारलंत. गच्चीवर टाकते आत्ता. तोवर भाच्यासाठी आईच्या दुसऱ्या एका साडीतून कापते. ती निव्वळ सुती आहे की मिश्र कसं ओळखू?

गोधडीवाली
एक धागा उसवून चिमट्यात धरून पेटवा. सुती कागदासारखा जळतो आणि राख बोटाने चुरते. मिश्र वितळून कडक काळी गोळी होते. आणि कापताना काठ काढून टाका, जर असो नसो. काठ जाड विणलेला असतो, मांडीला घासतो, आणि सगळ्यात शेवटी वाळतो.

कोकणकडा
काठाच्या पट्ट्या टाकू नका हां. गोधडीच्या कडेला लावायला छान.