सीवाय अ‍ॅक्वेरीचा कमाल तेजाचा क्षण दर वेळी लवकर का येतो?

प्रश्न: सीवाय अ‍ॅक्वेरी या तेज बदलणाऱ्या ताऱ्याची मोजमापं घेतोय. १५० मिमी परावर्तक दुर्बीण, मोनो (कृष्णधवल) सीमॉस कॅमेरा, व्ही फिल्टर (हिरवट-पिवळा प्रकाश सोडणारा), ६० सेकंदांची एक्सपोजर. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातल्या तिन्ही रात्री कमाल तेज भाकितापेक्षा सुमारे आठ मिनिटं आधी आलं. लॅपटॉपचं घड्याळ इंटरनेटवरून जुळवलेलं आहे. शिवाय तारा पश्चिमेला कलला की अख्खा प्रकाशवक्र (वेळेनुसार तेजाचा आलेख) तिरका होत जातो. आवर्तनकाल (तेजाच्या एका चढ-उताराला लागणारा वेळ) बदललाय का?

प्रतिसाद १: नाही, तारा बिचारा वेळेवरच आहे. भाकितं सूर्यकेंद्री वेळेत (प्रकाश सूर्यापाशी पोचण्याच्या वेळेत) असतात, तुमची नोंद पृथ्वीवरची. हा तारा कुंभ राशीत, क्रांतिवृत्ताच्या (आकाशातल्या सूर्याच्या वार्षिक मार्गाच्या) जवळ. सप्टेंबरच्या सुरुवातीला तो सूर्याच्या बरोबर समोर असतो. म्हणजे पृथ्वी सूर्यापेक्षा त्याच्या जवळ, आणि प्रकाश आपल्याकडे आठेक मिनिटं आधी पोचतो. तेवढी मिनिटं तुमच्या नोंदीत मिळवा. डिसेंबरच्या सुरुवातीला हाच फरक जवळपास शून्य दिसेल. आवर्तनकाल ८८ मिनिटांचा, त्यामुळे आठ मिनिटांची चूक म्हणजे आवर्तनाचा अकरावा हिस्सा!

आणखी एक: फाइलच्या हेडरमध्ये बहुधा एक्सपोजर सुरू झाल्याची वेळ असते. तिच्यात ३० सेकंद मिळवून मधली वेळ घ्या.

प्रतिसाद २: तिरकेपणाचं कारण बहुतेक तुलना तारा (ज्याच्याशी तेज ताडून पाहता तो स्थिर तेजाचा तारा). सीवाय अ‍ॅक्वेरी निळसर-पांढरा. तुलनेला तांबडा तारा घेतला असेल, तर क्षितिजाकडे जाताना वातावरण निळा प्रकाश जास्त खातं आणि आपला तारा उगाच मंद दिसतो. व्ही फिल्टरने हे कमी होतं, संपत नाही. जवळच्या रंगाचा तारा निवडा, तारा क्षितिजापासून ३० अंशांखाली असतानाची मोजमापं टाकून द्या. आधी तुलना तारा वजा तपासणी तारा (दुसरा स्थिर तेजाचा तारा) असा तेजाच्या फरकाचा आलेख काढा. तोही तिरका असेल, तर रंगाबरोबर फ्लॅटही (प्रतिमेतला असमान उजेड दुरुस्त करणारी फ्रेम) तपासा.

६० सेकंद मात्र जास्त वाटतात. १०.४ ते ११.२ प्रतींमधली (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा लहान तितका तारा तेजस्वी) चढण अर्ध्या तासाच्या आत उरकते, ३० सेकंद पुरतील. सगळ्यात तेजस्वी पिक्सेल कमाल तेजाच्या वेळीही संपृक्त पातळीच्या (पिक्सेल भरून जातो ती मर्यादा) दोन तृतीयांशाखाली हवा, नाहीतर वक्राचं टोक चपटं होतं.

प्रतिसाद १ (पुन्हा): कमाल क्षण काढताना बिंदूंना पॅराबोला (दोन्ही बाजूंना सारखा वक्र) बसवू नका. चढण उभी, उतार संथ, म्हणून पॅराबोलाचं टोक उताराकडे सरकतं. टोकाच्या आसपासच्या बिंदूंना चौथ्या-पाचव्या घाताची बहुपदी बसवा.