‘संदर्भाने मूल्य देणे’ : रेफरन्सला मराठीत काय म्हणावे?

मूळ प्रश्न
पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेवरील एका पाठाचे भाषांतर करताना मी ‘तीन चलांना संदर्भाने मूल्ये द्या’ असे लिहिले. त्या उदाहरणात तिन्ही चलांचे (व्हेरिएबलांचे) रेफरन्स, म्हणजे प्रत न काढता मूळ मूल्यालाच हात घालण्याची सोय, एका अ‍ॅरेत (मूल्यांच्या यादीत) ठेवून, त्यावर रेफरन्सनेच लूप फिरवून (एकेका घटकावर तीच कृती करून) शून्य भरले आहे, त्यामुळे मूळ चलेही शून्य होतात. मजकूर तपासणाऱ्या मैत्रिणीने मात्र ‘तीन चलांच्या संदर्भात’ असा अर्थ घेतला आणि मराठी म्हणून तिचे वाचन चूक ठरवता येत नाही. येथे कोणता शब्द योजावा?

प्रतिसाद १
‘निर्देश’ लिहावे. संदर्भ मागच्यापुढच्या मजकुराचा असतो. बोट दाखवतो तो निर्देश.

प्रतिसाद २
मला हे पटत नाही. निर्देश म्हटले की दाखवणारा आणि दाखवलेली वस्तू असे दोन पदार्थ डोळ्यांपुढे येतात, आणि ते सी भाषेतल्या पॉइंटरला (मूल्याचा पत्ता साठवणाऱ्या चलाला) शोभते. पीएचपीत एकाच मूल्याला दोन नावे असतात, म्हणून मी ‘उर्फ’ म्हणेन. १, २, ३ असलेल्या अ‍ॅरेवर रेफरन्सने लूप फिरवा आणि नंतर लूपमधल्या चलाचे तेच नाव ठेवून साधा लूप फिरवा; अ‍ॅरेत १, २, २ उरते, कारण ते नाव पहिला लूप संपल्यावरही शेवटच्या घटकाचे उर्फ राहिलेले असते आणि दुसरा लूप प्रत्येक मूल्य त्यातच भरतो. या चुकीपायी माझा अख्खा दिवस गेला होता. दोन लूपच्या मध्ये ते नाव अनसेट (रद्द) केले की नाव सुटते, मूल्य जागेवर राहते.

प्रतिसाद ३
‘उर्फ’ अरबीतून आलेला आहे. ‘उपनाम’ असताना तो कशाला?

प्रतिसाद २
‘उपनाम’ वाचून बहुतेकांना आडनाव आठवते. शब्द कुठून आला यापेक्षा वाचणाऱ्याला काय कळते, हे मी आधी पाहतो.

प्रतिसाद ४
पर्ल या प्रोग्रामिंग भाषेच्या १९९४ मधील पाचव्या आवृत्तीपासून रेफरन्स हे स्वतंत्र मूल्य आहे आणि त्यामागची वस्तू मुद्दाम उलगडावी लागते. तेथे ‘निर्देश’च योग्य. दोन्ही भाषांना एकच प्रतिशब्द लावण्याचा आग्रह का?

प्रतिसाद ३
माझा खरा आक्षेप ‘चल’ला आहे. काम करताना सगळे व्हेरिएबलच म्हणतात.

प्रतिसाद १
शालेय बीजगणितात ‘दोन चलांतील रेषीय समीकरणे’ शिकलेल्या वाचकाला ‘चल’ परका कसा वाटेल? शिवाय ‘ते चल’ हे लिंग ठरलेले आहे. व्हेरिएबल कोणी ‘तो’ म्हणतो, कोणी ‘ते’.

प्रतिसाद ४
मी तर ‘ती व्हेरिएबल’ही ऐकले आहे.