भावार्थ 'जगायचा' कसा?

कोकमकढी: एक अडलंय. शेजारणीच्या इगर्जीतलं (चर्चमधलं) कोंकणी पत्रक मराठीत करून द्यायचं कबूल केलं, वास्कोकडच्या मराठी वाचणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांना वाटायचंय म्हणून. मथळा आहे 'दिसपट्ट्या जिवितांत भावार्थ जियेवप'. मी आपलं सरळ 'रोजच्या जीवनात भावार्थ जगणे' लिहून टाकलं, तर आमचा दहावीतला विचारतो कुठल्या कवितेचा गं? शेजारणीला विचारलं तर म्हणे, "अगे, भावार्थ म्हळ्यार भावार्थ, देवाचेर दवरतात तो." आता श्रद्धा लिहू की विश्वास? उद्या संध्याकाळी छापायला जातंय.

नगरवाला: विश्वास. यात अडण्यासारखं काय आहे? मी मूळ अहमदनगरचा, वास्कोत बारा वर्षं झाली, आम्ही लहानपणापासून विश्वासच म्हणतो. आणि तुमच्या पत्रकाचा विषय तर याकोबाच्या पत्रात आयता आहे, 'विश्वासही क्रियांवाचून निर्जीव आहे'. श्रद्धा लिहिलंत तर आमच्या आईला ते दुसऱ्याच कुणाचं पत्रक वाटेल.

अनुस्वार: शब्द कुठलाही घ्या, पण 'जगणे' काढा आधी. जगणे अकर्मक आहे. श्रद्धा जगणे, मूल्यं जगणे ही सगळी इंग्रजीची उसनवारी. 'श्रद्धेला धरून वागणे' म्हणा, मराठीत माणूस वागतो.

कोकमकढी: आयुष्य जगतो ना पण?

अनुस्वार: ते झोप झोपणे, खेळ खेळणे यातलं. क्रियापदाच्या अर्थातलंच कर्म असतं तिथे. त्याच्या जोरावर उद्या कोणी 'मी बटाटा जगलो' म्हणेल.

माडापेडां: 'पाळणे' घ्या की सरळ. वार पाळतात, सुतक पाळतात, आमचे शेजारी कारेज्मात, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासकाळात, शुक्रवारी मांस पाळतात. मांस पाळतात म्हणजे खात नाहीत हां, कुणी परगावचा वाचत असेल तर. मासे चालतात. गोंयकाराला मांसाऐवजी इसवण ही कसली शिक्षा ते मला अजून कळलेलं नाही.

जुनी_पोथी: भावार्थ म्हणजे श्रद्धा हा अर्थ कोंकणीत कुठून आला म्हणाल, तर अहो तो आपलाच जुना आहे. दासबोधाच्या पहिल्या समासाच्या शेवटी बघा, 'जयाचा भावार्थ जैसा । तयास लाभ तैसा'. इथे कवितेचा सारांश लावून दाखवा बरं. मराठीने तो अर्थ टाकून दिला आणि शब्द परीक्षेच्या पेपरात नेऊन बसवला, इगर्जीने मात्र जपून ठेवला. माझं मत, भावार्थच ठेवा, लोकांना एकदा अडखळू दे.

माडापेडां: म्हणजे शेवटी कोंकणीने मराठीतून घेतला असंच ना? आलं लक्षात तुमचं.

जुनी_पोथी: असं मी म्हटलं नाही. दोघींच्या आधीचा असेल. पण फादर स्टीफन्सने 1616 साली ख्रिस्तपुराण ओवीतच छापलं आणि त्यात स्वर्गाला वैकुंठ म्हटलं, हे तरी मान्य कराल?

माडापेडां: मान्य. आणि कोंकणीला गोव्याची राजभाषा करणारा 1987 चा कायदा तुम्ही मान्य करा, मग बोलू.

नगरवाला: झालं सुरू.

पोदेर: मी कॅथलिक, बार्देशची, मराठी शाळेत शिकले त्यामुळे दोन्हीकडून बोलणी खाते. आमची व्हडलीमांय, म्हणजे आजी, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिरची विकायची. एकदा पावसात भिजलेली मिरची तिने तळाला घालून विकली, मग कुमसाराला, म्हणजे पापांची कबुली द्यायला, गेली तर पाद्री म्हणाला प्रार्थना मागीर, पयलीं पैसे परत कर. पुढच्या शुक्रवारी ही गिऱ्हाईक शोधत अख्खा बाजार फिरली, ती बाई काही सापडली नाही, शेवटी वाड्यावरच्या एका विधवेला तेवढी चांगली सुकी मिरची नेऊन दिली आणि घरी येऊन जेवली. हे तिनेच आम्हाला सांगितलेलं, तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, झाल्यावर, आम्ही बेसांव घ्यायला रांगेत उभी असताना. तिच्या लेखी भावार्थ हा. 'देवावर विश्वास ठेवते' म्हटलं असतं तर म्हणाली असती, तो तर मिरची भिजवणाऱ्याचाही असतो.

कोकमकढी: हे पत्रकातच घालू का?

पोदेर: नको गं, आख्ख्या गावाला कळेल कुणाची आजी ते.

अनुस्वार: कुमसार शब्द चांगला आहे. पोर्तुगीज?

पोदेर: हो, कोंफेसारवरून. बेसांव पण तिकडचाच, बेंसांव म्हणजे आशीर्वाद.

माडापेडां: आणि आमोरी? संध्याकाळची इगर्जीची घांट वाजली की आमच्या हिंदू घरात पण आई दिवा लावायची, घड्याळ नव्हतंच. मला वाटायचं अमर, अमरपणावरून असेल.

जुनी_पोथी: उमर, उमलणे यांच्याशी पण जोडता येईल.

पोदेर: आवे मारिया हो! पटापट म्हणून बघा, आवेमारी, आमोरी. निदान आमच्याकडे तरी असंच सांगतात.

माडापेडां: अमर जास्त छान होतं.

अनुस्वार: छान असणं हा व्युत्पत्तीचा पुरावा नसतो. नाहीतर 'देव बरें करूं' ला मराठीत धन्यवाद म्हणून कधीचंच चाललं असतं.

माडापेडां: ते धन्यवाद नाहीच. पोदेराला पावाचे पैसे दिले की तो म्हणतो देव बरें करूं, म्हणजे फेड देवावर सोपवली. धन्यवाद म्हणजे दुकानाच्या पाटीवरचा शब्द.

नगरवाला: आमच्याकडे 'प्रभू तुमचं भलं करो' म्हणतात, जवळपास तेच.

कोकमकढी: मंडळी, मथळा? छापखान्याचा फोन आला दोनदा.

अनुस्वार: 'श्रद्धेला धरून वागणे', सांगितलं की.

जुनी_पोथी: भावार्थ ठेवा.

नगरवाला: विश्वास!!

कोकमकढी: शेजारणीने मथळाच काढून टाकला, म्हणे त्या जागी सायबिणीचं, म्हणजे मारियेचं, चित्र घालू. सुटले. आतलं सगळं झालंय, फक्त 'भावार्थ, भर्वांसो आनी मोग' अशी एक ओळ होती तिथे श्रद्धा, भरवसा आणि प्रेम केलंय. बरोबर ना?

नगरवाला: अहो थांबवा! ते करिंथकरांस पत्र आहे. विश्वास, आशा, प्रीती. भर्वांसो म्हणजे आशा, भरवसा नव्हे!

जुनी_पोथी: पण भरवसा हा शब्दसुद्धा मुळात

कोकमकढी: छापून झालं हो. तीनशे प्रती.